तिसरं बटण

माझ्या वडिलांना उजव्या कानाने ऐकू येत नसे. त्यांच्याशी बोलायचं तर डाव्या बाजूला जाऊन बसावं लागे, आणि आई भांडायला लागली की ते हळूच उजवा कान तिच्याकडे वळवत. वसईत आमच्या गावच्या चर्चच्या सणाला गरनाळी उडवायचं काम त्यांच्याकडे होतं. लोखंडी नळकांडं जमिनीत रोवायचं, त्यात दारू भरायची, वरून विटेचा चुरा ठासून बसवायचा, मग लांब काठीच्या टोकाला पेटता काकडा बांधून वात पेटवायची आणि धूम पळायचं. मिरवणूक निघाली की गरनाळ, नवराबायको चर्चच्या दारातून बाहेर पडले की गरनाळ, नवे फादर गावात आले तरी गरनाळ. गावाच्या आनंदापायी त्यांचा एक कान गेला, पण त्याचं त्यांना काडीचंही दुःख नव्हतं. "चांगल्या कामाला गेला," म्हणत.

त्यांच्या मुलीला पुढे कानांचाच पगार मिळेल असं कुणी सांगितलं असतं, तर ते पोट धरून हसले असते.

बहारीनला आल्यावर मी बरीच वर्षं एका दवाखान्याच्या रिसेप्शनवर बसत होते. तो दवाखाना बंद पडला तेव्हा ओळखीतल्या एकीने सांगितलं की मनामातल्या एका ऑफिसात माणसं घेतायत, काम बसल्या जागी आहे, फक्त कान चांगला हवा. मी गेले. त्यांनी हेडफोन लावून काही आवाज ऐकवले आणि कशाचा आवाज आहे ते ओळखायला सांगितलं. मी भराभर सांगत गेले. घेतलं.

काम असं होतं. अमेरिकेतल्या एका शहरात विजेच्या खांबांवर आणि गच्च्यांवर मायक्रोफोन बसवले होते. कुठे धडाडधूम झालं की ते आवाज टिपत, कुठून आला ते नकाशावर दाखवत, आणि मशीन म्हणे की बंदुकीची गोळी असावी. पण मशीनच्या शब्दावर पोलिसांच्या गाड्या सोडणं बरं नव्हे, म्हणून मध्ये एक माणूस बसवलेला. त्या माणसांपैकी मी एक. काही सेकंदांचा आवाजाचा तुकडा ऐकायचा आणि दोनपैकी एक बटण दाबायचं: गोळी, किंवा गोळी नाही. मी 'गोळी' दाबलं की अर्ध्या जगापलीकडे एका पोलिसाच्या गाडीतल्या पडद्यावर ठिपका उमटे आणि गाडी सुसाट निघे.

तिथली रात्र म्हणजे आमची सकाळ. जुफैरच्या फ्लॅटमधून मी टॅक्सीने निघत असे तेव्हा समोर समुद्रावर ऊन चढत असायचं. ऑफिसात चहाचा कप ठेवून हेडफोन लावला की कानात दुसऱ्यांचा अंधार सुरू. कुत्री, गाड्या, कुणाचं तरी भांडण, आणि मध्येच तो आवाज. शनिवारची त्यांची रात्र आमच्या रविवारी सकाळी येई आणि तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नसे.

हॉलमध्ये आम्ही जवळजवळ सगळे भारतीय होतो, आणि आमचा एक घोटाळा होता. तो कंपनीच्या ध्यानात कसा आला नाही कोण जाणे. आमच्या देशात धडाड असा आवाज आला की पोरं बाहेर धावतात. कुणाचं लग्न, कुणाची निवडणूक, क्रिकेटची मॅच, दिवाळी, ईद, नाताळ. धडाड म्हणजे कुठेतरी काहीतरी चांगलं झालं. बंदूक आम्ही फक्त बँकेच्या दारात राखणदाराच्या खांद्यावर पाहिलेली, आणि ती उडत असेल यावरही आमचा विश्वास नव्हता. अशा माणसांना त्यांनी गोळीचा आवाज ओळखायला बसवलं होतं. सुरुवातीला आमच्या हॉलचा कल सरळ फटाक्यांकडे होता.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर रत्नागिरीकडचा एक गृहस्थ बसत असे. मुसलमान, माझ्याच वयाचा, मुहर्रकला बायकोमुलांसह राहणारा. मी त्याला भाय म्हणे, तो मला बाय म्हणे. दिवसभर इंग्रजी आणि हिंदी बोलून जीभ आंबली की आम्ही दोघं मराठीत तोंड मोकळं करायचो. त्याची मराठी आणि माझी मराठी एकमेकींच्या सख्ख्या नव्हत्या, पण चुलत नक्की होत्या. त्याची बायको रोज डबा देई, तांदळाच्या भाकऱ्या आणि मच्छीचं कालवण. डबा उघडला की आसपासच्या चार टेबलांवरची माणसं मान वळवून बघत. भाय मात्र खाली मान घालून जेवे. जेवताना त्याला कुणाशी बोलायला आवडत नसे.

एका रविवारी त्याच्या कानात असा तुकडा आला: गाड्यांचे लांबलचक हॉर्न, बायकांचा आरडाओरडा, मग धडाड धडाड. त्याने हसत 'गोळी नाही' दाबलं.

"वरात हाय गो," मला म्हणाला. "हॉर्न बघ कसे मारतायत. कुनाचा तरी निकाह लागला."

ती वरात नव्हती. दोन दिवसांनी सुपरवायझरने त्याला केबिनमध्ये बोलावलं. एक माणूस रस्त्याच्या कडेला पडून होता, सकाळी कुत्रं फिरवायला निघालेल्या कुणाला तरी तो दिसला. तो वाचला नाही. लगेच गाडी गेली असती तर वाचला असता का, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. कंपनीने गाजावाजा केला नाही, भायला काढलंही नाही. काढलं असतं तर का काढलं ते सांगावं लागलं असतं.

त्या दिवसापासून भायचं ऑफिसातलं जेवण बंद झालं. डबा तसाच घरी न्यावा तर बायको विचारणार, आणि बायकोला त्याने काही सांगितलेलं नव्हतं. म्हणून दुपारी तो डबा माझ्या टेबलावर सरकवी. "तू खा. माजं पोट बरं नाय." रोज कुणाचं पोट बिघडतं? मला कळत होतं. मी खात होते, कारण भरलेला डबा केराच्या टोपलीत टाकणं माझ्याच्याने होत नाही. पण घास घशाखाली उतरताना त्याच्याकडे बघवत नसे.

भायचा हात आता एकाच बटणावर पडे. ट्रकचा टायर फुटला, गोळी. कुणी कचऱ्याचा डबा आपटला, गोळी. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हा तर पाणीसुद्धा फुंकायला लागला होता.

सुपरवायझरला हे पसंत पडलं. त्याने सगळ्यांना उभं करून नियम सांगितला. तो दक्षिणेकडचा, इंग्रजी फर्डं, आमच्याशी हिंदीत बोले. "डाउट है तो गोली. सिम्पल. मिस नहीं होना चाहिए."

मला प्रश्न पडला की तो तोंडातून बाहेर आल्याशिवाय राहत नाही. हा माझा जुना आजार आहे आणि यावर अजून औषध सापडलेलं नाही.

"सर, डाउट है तो डाउट का बटन दीजिए ना," मी म्हणाले. "तीसरा बटन. पता नहीं."

हॉल हसला. सुपरवायझरही हसला. "मॅडम, पुलिस को क्या बोलेंगे? पता नहीं?"

"हां. क्योंकि पता नहीं."

तो म्हणाला, क्लायंट पैसे उत्तराचे देतो. मी म्हणाले, खोट्या उत्तराचेही देतो का? यावर तो म्हणाला, यल्ला मॅडम, चला, काम. मी खाली बसले, पण मनातून उठलेलीच राहिले. त्या दिवसापासून ते तिसरं बटण माझ्या डोक्यात घर करून बसलं. आठवड्याच्या प्रत्येक मीटिंगमध्ये मी ते मागे. मीटिंग संपताना सुपरवायझर म्हणे, "एनी अदर पॉइंट?" आणि सगळे माझ्याकडे बघत.

भायला माझं पटत नव्हतं. एकदा त्याचाच डबा खाताना मी त्याला म्हणाले, "भाय, तू सगळ्यालाच गोळी म्हणतोस. तिकडे पोलीस पिस्तूल काढून उतरतात. एखादं पोर फटाका लावत असलं तर?"

तो म्हणाला, "पोराक घाबरवतील. उठून घरी जाईल पोर. माजा मानूस उठला नाय, बाय."

मी डब्याचं झाकण लावलं. त्याचं खरं होतं आणि माझंही खरं होतं.

मग तो वाढदिवस आला. तेव्हा तो वाढदिवस होता हे मला माहीत नव्हतं. हेडफोनमध्ये एक लहान मूल मोठ्याने इंग्रजीत मोजत होतं, थ्री, टू, वन, मग फाड फाड फाड, मग त्याच मुलाची आनंदाची किंकाळी आणि कुणीतरी मोठ्या माणसाचं हसत हसत ओरडणं. मला एकदम आमचं चर्चचं पटांगण आठवलं. काकडा लावायच्या आधी आम्ही पोरं अशीच ओरडत मोजायचो. मी हसतच 'गोळी नाही' दाबलं आणि चहाचा घोट घेतला.

पडद्यावरची त्या तुकड्याची ओळ लाल झाली. सुपरवायझरने आपल्या जागेवरून माझं उत्तर बदललं होतं. त्याला तो अधिकार होता. आधीही तो बदलायचा, पण या वेळी मी उठून तडक त्याच्या टेबलापाशी गेले.

"सर, बच्चा गिनती कर रहा था. गोली चलानेवाला थ्री टू वन बोलके चलाता है क्या?"

तो पडद्यावरच्या नकाशाकडे बोट करून म्हणाला, "एरिया देखिए मॅडम. उधर बर्थडे कम, गोली ज्यादा."

म्हणजे आवाज कानाने नाही, पत्त्याने ओळखायचा. मी नकाशा पाहिला. त्या शहरातल्या गरिबांच्या एका भागातच सगळे मायक्रोफोन दाटीवाटीने बसवले होते. पलीकडे झाडंबिडं असलेल्या बाजूला एकही नव्हता. तिथली माणसं काय बंदुकीऐवजी बासरी बाळगत होती? पण गाडी तोवर निघून गेली होती. मी जागेवर आले. चहा गार झाला होता, तो तसाच ठेवून दिला.

त्या शहराच्या नगरसभेत हे मायक्रोफोन ठेवायचे की काढायचे यावर वाद पेटला आहे, असं ऑफिसात कुजबुजलं जात होतं. तिकडच्या सभा कुणालाही इंटरनेटवर बघता येतात. एका शुक्रवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, आटोपून आल्यावर मी मुलीचा लॅपटॉप घेतला आणि बघत बसले. आखातात सुट्टी शुक्रवारची, म्हणून आम्हा कॅथलिकांचा रविवार शुक्रवारीच येतो, त्यामुळे दुपार मोकळी होती. आधी सूट घातलेले लोक बोलले. एक म्हणाला, यामुळे पोलीस लवकर पोचतात. दुसरा म्हणाला, पोचतात पण बहुतेकदा तिथे काहीच सापडत नाही. मग त्या भागातली माणसं उठली. एक बाई म्हणाली की तिच्या मुलाला गोळी लागली तेव्हा गल्लीतल्या एकानेही फोन केला नाही, सगळे घाबरले होते, फक्त त्या खांबावरच्या यंत्राने कळवलं आणि मुलाचा जीव वाचला. ते यंत्र काढून आमच्या डोक्यावरचा हात काढून घेऊ नका, ती म्हणाली. तिचं म्हणणं माझ्या आतपर्यंत पोचलं.

तिच्या मागे एक म्हातारा गृहस्थ उभा राहिला. नातवाचा वाढदिवस होता, तो म्हणाला. नातू मोठ्याने आकडे मोजत होता, आम्ही फटाक्यांची माळ लावली. पोलीस आले आणि आम्हा सगळ्यांना अंगणात पालथं झोपवलं. नातवालाही. त्या दिवसापासून पोर आकडे मोजायला सांगितलं की गप्प होतं.

मी लॅपटॉप बंद केला. राग आला होता, आणि माझ्या रागाला डोळ्यांत पाणी घेऊन यायची वाईट खोड आहे.

थोड्याच दिवसांत सुपरवायझरने सांगितलं की त्या शहराने चौकशीला माणसं नेमलीत आणि ती व्हिडिओ कॉलवर आमच्याशी एकेकट्याशी बोलणार आहेत. मग आमच्याकडून उत्तरं घोटून घेण्यात आली. आमचे निर्णय कुणी बदलत नाही. शंका आली तर वरिष्ठांना विचारतो. कसलंही दडपण नाही. हॉलमध्ये माणसं पाढे म्हटल्यासारखी उत्तरं म्हणत होती. शेवटी त्याने मला बाजूला घेतलं. तो काही राक्षस नव्हता, त्याचाही व्हिसा याच कंपनीच्या हातात होता. आवाज अगदी मऊ करून म्हणाला, "मॅडम, बेटी का बोर्ड है ना इस साल? व्हिसा-बिसा सब ठीक रहना चाहिए."

माझी मुलगी बारावीला होती. नवरा त्याच्या आईच्या आजारपणासाठी वसईला परतलेला, त्यामुळे मुलीचा व्हिसा माझ्या व्हिसावर आणि माझा व्हिसा कंपनीवर. नोकरी गेली तर मुलीला परीक्षेच्या तोंडावर देश सोडावा लागणार होता. बारावीचं वर्ष मध्येच सोडून दुसरीकडे परीक्षा देता येत नाही. वर्ष गेलं म्हणजे गेलं.

मी मुलीपासून काही लपवलं नाही. संध्याकाळी स्वयंपाकघरात कोळंबी सोलत होते, ती ओट्याला टेकून उभी होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं.

"ममा, इट्स नॉट इव्हन अवर सिटी," ती म्हणाली.

"शहर त्यांचं, पण आवाज माझ्या कानात आला ना?"

"अँड माय बोर्ड्स?"

"तुझी परीक्षा होणार. कशी ते मी बघते."

"यू डोंट नो दॅट."

खरंच मला माहीत नव्हतं. ती दार आपटून खोलीत गेली. रात्रीच्या जेवणाला तिने कोळंबीला हात लावला नाही आणि अंडं तळून खाल्लं.

नवऱ्याला फोन केला. तो सगळं ऐकून म्हणाला, "तुझ्या बापाचा एक कान गेला. तुझे दोन्ही जाणार." मग म्हणाला, "मी नको म्हटलं तर ऐकणारेस का?" मी नाही म्हटलं. तो म्हणाला, मग विचारतेस कशाला, आणि हसला. त्या हसण्याने मला बरं वाटलं.

कॉलच्या दिवशी भाय आधीच येऊन बसला होता. "मी काय बोलनार नाय, बाय," तो म्हणाला. "माज्या अंगावर एक मयत हाय. मी कुठल्या तोंडाने बोलू?" मी म्हणाले, तुझं तू बघ, मी तुला ओढणार नाही. पण मी बोलणार आहे.

काचेच्या केबिनमध्ये पडद्यावर दोघं होती, एक बाई आणि एक गृहस्थ. गृहस्थ खाली बघून काहीतरी लिहीत होता. काचेपलीकडे सुपरवायझर खुर्ची टाकून बसला होता, त्याला ऐकू येत नव्हतं पण दिसत होतं. बाईंनी विचारलं, तुमचे निर्णय कुणी बदलतं का?

"हो," मी म्हणाले.

मी त्यांना मोजणाऱ्या मुलाबद्दल सांगितलं. मी काय दाबलं, ओळ कशी लाल झाली, नकाशाकडे बोट करून मला काय सांगितलं गेलं. त्या म्हाताऱ्या गृहस्थाला सांगा, मी म्हणाले, इकडे एका बाईला ऐकू आलं होतं की तो वाढदिवस आहे.

बाईंनी विचारलं, तुमच्या मते हे मायक्रोफोन काढून टाकावेत का? मी या प्रश्नावर हो म्हणणार अशी माझी स्वतःचीच खात्री होती. पण ती मुलगा वाचलेली बाई डोळ्यांपुढे आली, आणि भायने माझ्याकडे सरकवलेला डबा आला.

"ते त्या गल्लीत राहणाऱ्यांनी ठरवावं," मी म्हणाले. "मी तिथे राहत नाही. मला फक्त कानाचं कळतं, आणि कानाला पुष्कळदा कळत नाही. आम्ही फटाक्यांत वाढलेली माणसं. आम्ही खुशीत असलो की गोळीला फटाका म्हणतो, आणि आम्हाला घाबरवलंत की फटाक्याला गोळी म्हणतो. म्हणून मी तिसरं बटण मागते. कळत नाही, असं बटण."

तो गृहस्थ पहिल्यांदा वर बघून म्हणाला, मग पोलिसांनी त्याचं काय करायचं?

हे मी घरी भांडी घासताना, टॅक्सीत, मिस्सात प्रवचन चालू असतानासुद्धा मनात घोळवून ठेवलं होतं. "गाडी पाठवा. ॲम्ब्युलन्स पाठवा. पण पिस्तुलावर हात ठेवून उतरू नका. ज्याला माहीत नसतं तो दार वाजवून विचारतो."

मी बाहेर आले. सुपरवायझर माझ्या तोंडाकडे बघत होता, मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. पुढचा नंबर भायचा. तो आत गेला तो बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा डोळे लाल होते.

"काय बोललास?"

"सगळा सांगितला. ती वरात पन सांगितली. आनि त्याच्यानंतर मी कसा सगळ्याला गोळी मारत सुटलो ता पन." त्याने दोन्ही हात झटकले. "खलास."

मला कंत्राट पुढे वाढवणार नाही म्हणून कळवण्यात आलं. भायला ठेवलं. त्याला काढणं आता त्यांना परवडण्यासारखं नव्हतं, चौकशीवाल्यांचं त्याच्याकडे लक्ष होतं. मला त्याचा हेवा वाटला नाही असं मी म्हणणार नाही. थोडा वाटला. माझा व्हिसा संपत होता आणि मुलीचा शेवटचा पेपर त्याच्या नंतर होता. केमिस्ट्री.

मुलगी रडली नाही, फक्त म्हणाली, "यू चोझ देम ओव्हर मी." ते मला लागलं. आजही आठवलं की लागतं. मी तिला समजावत बसले नाही. समजावण्यात वेळ घालवण्यापेक्षा नोकरी शोधली. हॉटेलं, शाळा, रिफाच्या मॉलमधली दुकानं, सित्र्यातल्या कंपन्या, जिथे जिथे जागा असल्याचं कानावर आलं तिथे गेले. शुक्रवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात उभी राहून ओळखीच्या प्रत्येकाला विचारलं, आणि ज्यांनी मागच्या आठवड्यात 'बघतो' म्हटलं होतं त्यांना पुन्हा विचारलं. माणसं मला बघून रस्ता बदलायला लागली. मी पलीकडून जाऊन गाठत असे. लाज सोडली की पाय भरभर चालतात.

शेवटी जुफैरच्याच एका हॉटेलच्या लॉण्ड्रीत काम मिळालं. चादरी, टॉवेल, इस्त्री. इंशाल्ला व्हिसा वेळेत होईल, असं तिथला मॅनेजर रोज सांगे, आणि मी रोज त्याच्यापुढे जाऊन उभी राहत असे, जेणेकरून त्याला ते रोज सांगावं लागावं. व्हिसा झाला. केमिस्ट्रीच्या पेपरच्या दिवशी मी शाळेच्या फाटकाशी उभी होते. मुलगी बाहेर आली, माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली, सगळी संपवली आणि म्हणाली, "इट वॉज ओके." मग टॅक्सीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

लॉण्ड्रीत कानाचा काही उपयोग नाही. मशिनं दिवसभर घरघरतात, बोलायचं तर ओरडावं लागतं. मला ते आवडतं. तिथे कुठलाच आवाज ओळखायचा नसतो.

तिकडच्या नगरसभेने मायक्रोफोन ठेवले. थोडे पलीकडच्या, झाडांच्या बाजूलाही बसवा म्हणाले, तर तिथल्या लोकांनी आमच्या खाजगी आयुष्याचं काय म्हणून आरडाओरडा केला. ते वाचून मी एकटीच हसले. वाद अजून चालू आहे. आणि आमच्या त्या ऑफिसला एक अट घातली गेली.

ती मला भायकडून कळली. एका दुपारी चादरींच्या घड्या घालत होते तेव्हा त्याचा आवाजी संदेश आला. मशिनच्या घरघरीत नीट ऐकू येईना, म्हणून मी फोन उजव्या कानाला घट्ट लावला.

"बाय, बटण आला. तिसरा. आज सकाळी हॉर्न काय, बाया काय, धडाड धडाड काय. माजा हात गोळीवर गेला होता गो. मग मी तिसराच दाबला. वरात होती का मयत होती, मना म्हायत नाय. गाडी गेली, ॲम्ब्युलन्स पन गेली. कोनी कोनाला झोपवला नाय." मी हातातली चादर खाली ठेवली. "आनि आयक. आज डबा मीच खाल्ला. तुज्या वाट्याचा काय ठेवला नाय. राग मानू नको."